कुरकुरीत हवा

मल्हारीनाना रोज सकाळी शेडवर येत ते एक भाजलेला पापड घेऊन. उडदाचा पापड, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. तो खाण्यासाठी नसे. हर्सूल रस्त्यावर आमची गाड्या रंगवायची शेड होती. ठोकाठोकीचं काम माझं, रंगाचं नानांचं. आज रंग मारायचा की नाही, हे रोज सकाळी तो पापड ठरवत असे.

नाना आधी कॉम्प्रेसरपाशी उकिडवे बसत. टाकीच्या बुडाशी असलेला छोटा कॉक उघडला की फुसकन हवा सुटे आणि तिच्यामागून चहासारखं तांबूस पाणी येई. ते पूर्ण थांबेपर्यंत नाना तिथून हलत नसत. मग पापडाचे दोन तुकडे करीत. एक डब्यात परत जाई. दुसरा पिठाच्या चाळणीखाली दाबून धरत आणि त्याच्यावर स्प्रे गनची नुसती हवा सोडत. शेवटी दोन्ही तुकडे कानाशी नेऊन मोडत. दोन्हींचा आवाज सारखा आला की म्हणत, "चला पाटील, हवा कुरकुरीत हाय." हवेखालचा तुकडा मोडायच्या ऐवजी वाकला, तर त्यांचं तोंडही वाकडं होई. "सादळली. आज घासकाम करा." एवढं बोलून डब्यातला तुकडा ते स्वतः खात आणि वाकलेला माझ्या हातावर ठेवत.

पाटील हे माझं आडनाव नव्हे. बिडकीनला आमची थोडी जमीन होती, तेवढ्यावरून नानांनी मला पाटीलकी बहाल केली होती. मी आयटीआय करून वाळूजच्या एका कंपनीत पत्र्याच्या कामाला लागलो, वरिष्ठांशी भांडलो आणि बाहेर पडलो. तेव्हाच्या औरंगाबादेत त्याचं कुणाला काही वाटत नसे. कंपन्या वाढत होत्या, कंपन्यांबरोबर गाड्या वाढत होत्या आणि गाड्यांबरोबर ठोकरा. पत्रा सरळ करणाऱ्याला आणि रंग मारणाऱ्याला उपाशी राहायची सोय नव्हती. नानांना एक डेंटर हवा होता, मला एक पेंटर. आम्ही दोघांनी मिळून शेड घेतली आणि पहिल्याच सकाळी मला हा पापडाचा प्रकार दिसला.

"नाना," मी म्हणालो, "पावसाळ्यात पापड नुसता ठेवला तरी सादळतो. त्यात कॉम्प्रेसरचा काय दोष?"

"मंग पावसाळी हवेत रंगबी मारायचा नाय," नाना म्हणाले. "पापडाला कळतंय ते तुला कळंना व्हय?"

त्यांचं म्हणणं असं, की हवा कोंडून दाबली की तिला घाम फुटतो. "कोनाला बी दाबा, घाम येनारच. माणसाला येतो, हवेला येतो." तो घाम नळीतून गनमध्ये आला, की रंगाबरोबर गाडीवर बसतो. त्या दिवशी काही दिसत नाही. गाडी चकचकीत होऊन घरी जाते, मालक पेढे वाटतो, आणि चार-सहा महिन्यांनी रंगाखालून बारीक फोड वर येतात, उष्णतेचे यावेत तसे. फोड म्हणजे नानांच्या लेखी पेंटरच्या तोंडावरची काळोखी. आपल्या रंगाला कधी फोड आला नाही, हे ते चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आणि दवाखान्यातल्या रांगेतही सांगत. नम्रता हा गुण त्यांच्या अंगाला कधी चिकटला नाही. विमानं रंगवायला माणूस शोधत असतील तर इथं बसलाय म्हणून सांगा, असं ते चिकलठाण्याच्या विमानतळावरच्या एका हमालाला खरोखर सांगून आले होते.

कपडे पांढरेशुभ्र. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. रंगाच्या शेडमध्ये दिवसभर वावरून संध्याकाळी तसेच पांढरे घरी जात. "रंगाऱ्याच्या अंगावर रंग दिसला की समजावं, गडी गाडी सोडून समदं रंगवतो," असं म्हणून ते माझ्या ग्रीसने माखलेल्या शर्टाकडे दयेने पाहत. गाडी तयार झाली की डोळे मिटून बोटांच्या पाठीने सगळ्या पत्र्यावरून हात फिरवत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "डोळा चकाकीला भुलतो. हाताला काय लागायला नाय पायजे."

आता इतका हुशार माणूस कधी चुकलाच नाही, असं मी म्हटलं तर नाना वरून खूश होतील, पण ते खरं नाही. त्यांचं घराणं खुलताबादच्या डोंगरातलं, मेंढरं राखणारं. भाऊ अजून कळप घेऊन हिंडत होता. एके वर्षी भाऊ लोकरीचं गाठोडं घेऊन शेडवर मुक्कामाला आला आणि नानांच्या डोक्यात वीज चमकली. धो धो पावसात मेंढपाळ घोंगडीखाली कोरडा राहतो. म्हणजे लोकर पाणी पिते. मग हवेतलं पाणी का पिणार नाही? हवेच्या लायनीत पाणी अडवायला काचेचं एक भांडं असतं. नानांनी त्यात कातरलेली कच्ची लोकर ठासून भरली आणि पापड धरला. पापड असा मोडला, की टपरीवाल्याने मान वळवून पाहिलं.

"बघ पाटील," नाना म्हणाले, "आमच्या मेंढरानं तुमच्या इंजिनेराची जिरवली."

त्या दिवशी एका वकीलसाहेबांची काळी गाडी रंगवायची होती. नानांनी पहिला हात मारला आणि बघता बघता बॉनेटवर रंग जागोजागी गोल गोल मागे सरकू लागला. मधोमध उघडा पत्रा, भोवती काळं कडं. सगळी गाडी डोळे वटारून आमच्याकडे बघू लागली. लोकरीने पाणी सगळं प्यायलं होतं, पण स्वतःचं तेल हवेला देऊन टाकलं होतं. मेंढराच्या अंगाला उपजत तेलकटपणा असतो. तो पावसात मेंढराला वाचवतो आणि रंगाला बुडवतो. शिवाय शेडभर असा वास सुटला, की टपरीवरचं कुत्रं येऊन वकीलसाहेबांच्या गाडीवर भुंकू लागलं.

सगळा रंग खरवडावा लागला. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती लोकर घरी नेली, आणि त्यांची बायको गयावहिनी त्यांना शिव्या घालत रिठ्याच्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा ती धुऊ लागली. तेल पार निघालं तेव्हा लोकर परत काचेच्या भांड्यात आली, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. हवेचा पाइपसुद्धा नानांनी नव्याने टाकून घेतला, कॉम्प्रेसरपासून चढ देत देत. "पानी चढाला आळशी असतंय. निम्म्यातून माघारी येतंय बघ." वकीलसाहेबांची हकिगत मात्र टपरीवर सांगताना त्यात नेहमी माझी चूक असे.

तर अशा माणसाकडे रतन जीप घेऊन आला.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. वर्षानुवर्षं चाललेला लढा संपून संक्रांतीला नाव जाहीर झालं होतं. शहराच्या एका भागात फटाके, दुसऱ्या भागात बंद दुकानं, चौकाचौकात पोलीस. माणसं ओळखीच्या माणसाशी बोलतानाही आधी अंदाज घेत होती. रतन वाळूजला फिटर होता, पंचविशीच्या आतबाहेरचा. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्याचं गावाकडचं घर जळालं, तेव्हा तो आईचं बोट धरून शहरात आला होता. आता त्याच्या वस्तीतल्या पोरांनी लिलावातली एक मोडकी जीप घेतली होती. ती निळी करून आठवड्याभरात मिरवणुकीच्या पुढे चालवायची होती. त्यांनी आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. तिथे कुणाला वेळ नव्हता.

"नाना, होईल का?" रतनने विचारलं.

नानांनी जीपला एक फेरी मारली. "पाटलाला पत्रा सरळ करायला तीन दिवस लागतील. ते बी त्यानं गप्पा कमी मारल्या तर. मंग मी हाय की."

ही बातमी टपरीवर पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चहाला गेलो तेव्हा तिथे बसलेल्यांपैकी एकजण, नेहमीचाच, हसत हसत म्हणाला, "नाना, रंगवा की जीप. पन हवेत थोडं पानी राहू द्या. चार महिन्यांनी बघू मंग निळाई." दोघं-तिघं हसले.

नानांनी कप खाली ठेवला. "माझ्या हवेत पानी नसतंय. मला काय दूधवाला समजलास व्हय?" म्हणाले. त्यावर सगळेच हसले आणि विषय संपला. मला वाटलं, नानांच्याही डोक्यातून गेला असेल. पण शेडवर परतताना ते रस्त्यातच थांबले.

"पाटील, वकिलाच्या गाडीला फोड आला असता तर लोक काय म्हनले असते? मल्हारीचा हात चुकला. या गाडीला आला तर?"

मी त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं.

"म्हनतील, मल्हारीनं मुद्दाम केलं. फोड पत्र्यावर न्हाय, माझ्या मनात होता म्हनतील. आन ते पोरगं... त्याच्या वस्तीत कोन तरी म्हनलंच असंल, तिथं देऊ नको म्हून. तरी आलं बिचारं."

तसंच होतं. रतननेच मला सांगितलं, वस्तीतल्या थोरांनी विरोध केला होता. हा नानांच्या नावाने जामीन राहिला होता. जीपला फोड आला असता तर दोघांचीही तोंडं काळी झाली असती, आणि वरून कुणी कुणाचा भरवसा धरू नये, याचं आयतं उदाहरण मिळालं असतं.

त्या आठवड्यात मी नानांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. थंडी कडाक्याची, हर्सूलच्या तलावावरून सकाळी धुकं यायचं आणि पत्र्यावर दव पडायचं. नानांनी पाइप सोडवून आतून फडकं फिरवलं. लोकर पुन्हा धुऊन, उन्हात वाळवून आणली. टाकीचा कॉक सकाळी उघडायचा तो तासातासाला उघडू लागले. पापड तर गयावहिनींकडून चळतीने येत होते. पत्रा तयार होऊन दीड दिवस झाला तरी नाना गनला हात लावेनात. सकाळचा पापड वाकायचा, दुपारचा अर्धवट मोडायचा. दारात रतन हेलपाटे घालत होता आणि मिरवणूक जवळ येत होती.

"नाना, उद्यापर्यंत नाही झाली तर काय उपयोग?" रतन शेवटी कळवळून म्हणाला.

"तू बस हितं," नाना म्हणाले. "आज तू पापड मोड."

ऊन चढलं होतं, धुकं कधीच गेलं होतं. नानांनी चाळणीखालचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. रतन आधी बावरला. या सगळ्याचा रंगाशी काय संबंध, हे त्याला बिचाऱ्याला कुठून कळणार? त्याने तुकडा कानाशी धरून मोडला. कडक आवाज आला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, "ऐकलंस का? आता उद्या कोन काय बी म्हनलं तर तू ऐकल्यालं हाय." मग तोंडाला फडकं बांधून त्यांनी गन उचलली. त्या दुपारी त्यांनी जसा रंग मारला तसा मी परत कुणाला मारताना पाहिला नाही. हात एका लयीत जात होता, येत होता, आणि जीप निळी होत होती. शेवटी डोळे मिटून त्यांनी सगळ्या जीपवरून बोटं फिरवली आणि खाली बसले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर निळा ठिपका पडला होता. मी तो दाखवला नाही.

मिरवणुकीत जीप पुढे होती. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत होतो. नाना माणसांकडे बघतच नव्हते. जीप गेली तेव्हा म्हणाले, "उन्हात बी लाट दिसंना. सरळ हाय पत्रा तुझा." आमच्या भागीदारीतली ती माझी एकुलती एक शाबासकी.

पुढच्या वर्षापासून दर एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीआधी, जीप पॉलिशला आमच्याकडे येऊ लागली. पहिल्या वेळी ती आली तेव्हा बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर सोनेरी पिंपळपानाचं एक स्टिकर लावलेलं होतं. विद्यापीठाच्या गेटापाशी स्टॉलवर मिळतं तसलं. नानांनी नेहमीसारखा हात फिरवला. पानाशी आल्यावर हात जरा थबकला, मग पुढे गेला. "शोभतंय," ते रतनला म्हणाले. रतन हसला. पॉलिश करताना नानांनी पानाला धक्का लावला नाही.

त्यानंतरच्या संक्रांतीला, नामांतराच्या वर्धापनदिनी, गयावहिनी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की हे आज सकाळपासून विद्यापीठाच्या गेटावर गेलेत, इतक्या गर्दीत यांना काय काम? मी नानांना विचारलं तर म्हणाले, "गेल्तो गर्दी बघाया. भजी चांगली व्हती." त्या एप्रिलला जीप आली, तेव्हा नानांनी मला सकाळीच जुन्या मोंढ्याच्या बाजारात पॉलिश पेपर आणायला पाठवलं. पॉलिश पेपर शेडमध्ये पडलेले होते. परत आलो तर चाळणीवर पापडाचा चुरा.

"नाना, पॉलिशला कसला पापड? पॉलिशला हवा कुठं लागते?"

"खाल्ला," नाना म्हणाले. "भूक लागल्ती."

मी त्यांची थट्टा केली आणि विसरून गेलो.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि ती हवा कोरडी आहे का, असं विचारलं. मी होय म्हणालो. डॉक्टरांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. आज रंगाच्या शेडमध्ये हवा वाळवायचं यंत्र असतं, बटण दाबलं की झालं. मी अजूनही अधूनमधून एक पापड मोडतो. यंत्रावर विश्वास नाही म्हणून नव्हे, सकाळ त्याशिवाय सुरू झाल्यासारखी वाटत नाही म्हणून.

गेल्या हिवाळ्यात रतन जीप घेऊन आला. त्याचे केस पिकले होते, जीपचं इंजिन बसलं होतं, आता ती मोडीत काढायची ठरली होती. चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या. मग रतन उठून बॉनेटपाशी गेला आणि पिंपळपानावर बोट ठेवून म्हणाला, "काका, एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. नाना असेपर्यंत तर नाहीच. त्या पहिल्या पावसाळ्यात इथं फोड आला होता."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"एकच होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. पण वस्तीत कुणी बघितला असता तर नानांचं नाव गेलं असतं. म्हणून त्याच रात्री हे पान आणून चिकटवलं. दर वर्षी पॉलिशला आणताना भीती वाटायची, नाना काढतील की काय. त्यांना कळलं असतं तर जीव दिला असता त्यांनी. बरं झालं, त्यांनी कधी हात लावला नाही." तो हसला, पण त्याचे डोळे भरले होते. "आता जीप चाललीच आहे. एकदा बघून घेतो."

त्याने नखाने पानाचं टोक उचललं. जुनं स्टिकर, तुकड्यातुकड्यांनी निघालं. खालची जागा उघडी पडली आणि रतन तिच्याकडे बघतच राहिला. तिथे फोड नव्हता. रंग सपाट होता, फक्त रुपयाएवढ्या जागेत बाकीच्या निळ्याहून जरा ताजा.

"होता काका," रतन म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि हे पान... मी लावलेल्या पानाचा देठ तुटलेला होता. याचा देठ तर आत्ता माझ्या हातात आला."

मला चाळणीवरचा तो चुरा आठवला. मोंढ्यातला पॉलिश पेपर आठवला, गेटावरची भजी आठवली. पहिल्याच वर्षी नानांच्या बोटांना पानाखालचा फोड लागला होता. पोराने तो का झाकलाय, हेही त्यांना तिथेच समजलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी मला घालवून दिलं, पान काढलं, फोड घासला, पापड मोडून हवा तपासली, रंग मारला, आणि गेटावरून आणलेलं नवं पान त्याच जागी बसवलं, रतनला नानांची लाज राखल्याचं समाधान तसंच राहावं म्हणून. उभ्या आयुष्यात बढाई मारल्याशिवाय केलेलं हे त्यांचं एकच काम. मी हे सगळं रतनला सांगितलं. सांगता सांगता मी जीपच्या चाकापाशी, नाना बसत तसा उकिडवा बसलो.

रतनने पानाचे तुकडे खिशात ठेवले, डोळे मिटले आणि नाना फिरवत तशी बोटांची पाठ त्या जागेवरून फिरवली. मीही उठून फिरवली. हाताला काही लागत नव्हतं.